सातवी ‘ब’चं राहिलेलं वाचन

पांडुरंगरावांनी टाळांची जोडी जुन्या पंच्यात गुंडाळली, पिशवीच्या तळाशी सरकवली आणि वर नंजनगुडची केळी रचली. शाळेतल्या सिस्टरांसाठी केळी न्यायची हे कालच ठरलं होतं, टाळांचं मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही त्यांची जुनी खोड, आणि दर वेळी पकडलं जाण्याचीही.

त्यांची लेक वर्षिणी वेणी घालत बाहेर आली. जाताजाता तिनं पिशवी उचलली आणि आतून खण्णकन आवाज आला.

“अप्पा, केळी कधीपासून वाजायला लागली?”

“असू दे ग. सुम्ने, उगाच घेतलंय. हाताशी असलेलं बरं, अल्लवा?”

“ब... बेडा अप्पा, नको ते. मी बोलीन माझी माझी.”

“बोल की. मी कुठं नको म्हणालोय?” असं म्हणून त्यांनी पिशवी काढून घेतली आणि ती तशीच घेऊन, टाळांसकट, ते रिक्षात जाऊन बसले. घरी वाद घातला तर ते हरायचे, म्हणून हल्ली वाद घालतच नसत.

वर्षिणी मालगाडी चालवत असे. म्हैसूरच्या त्यांच्या शिंपी आळीत हे सांगितलं की म्हातारे लोक अजूनही एकदा तिच्या मनगटांकडे आणि एकदा आभाळाकडे बघत. पण आजच्या कार्यक्रमाला तिला बोलावलं होतं ते त्याचसाठी. ज्या मिशनच्या शाळेत ती शिकली, तिथे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बाहेरचा पाहुणा येऊन मुलींशी बोलायचा. कधी मधमाश्या पाळणारे गृहस्थ, कधी आग विझवणारे अधिकारी. वर्षातून एकदा या शुक्रवाराला पालक, शेजारपाजारचे लोक, चर्चमधली मंडळी, सगळ्यांनाच बोलावणं असायचं. तो मोठा शुक्रवार आज होता.

आणि वर्षिणी अडखळत बोलायची. लहानपणापासून. घरात कमी, दारात जास्त, आणि स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की सगळ्यांत जास्त. ‘व’पाशी ओठ नुसते थबकून राहायचे. जगातले बाकी सगळे शब्द एक वेळ परवडले, पण आपलंच नाव आपल्याशी असं वैर धरतं, याचं तिला लहानपणी फार रडू यायचं.

औषध अप्पांनी शोधून काढलं होतं. विठ्ठलाच्या देवळात भजनाला बसली की पोरगी एका अक्षरालाही अडखळत नसे. अप्पांनी हिशेब लावला, म्हणजे गुण तालाचा! मग ती कुठे अडली की ते कापड बेतायच्या टेबलावर कात्रीची मूठ वाजवायचे, ठक ठक, ठक ठक, आणि त्या ठेक्यावर पाय देत शब्द बाहेर यायचा. औषध लागू पडायचं, यात खोटं काही नाही. फक्त बाटली कायम अप्पांच्या हातात.

शाळेच्या ऑफिसात गुंजन मिस वाटच बघत होत्या. या बाई नागपूरकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी हेब्बाळला आलेल्या. पाहुण्यांचं सगळं त्या बघायच्या. वर्षिणीशी फोनवर बोलणं झाल्यापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

“मॅडम, राग मानू नका, एक सुचवू का?” त्यांनी कॉफीचा पेला पुढे करत विचारलं. “तुमचं भाषण तुम्ही लिहून पाठवलंच आहे. ते मी वाचते. तुम्ही व्यासपीठावर बसा, शेवटी मुलींना हात हलवून दाखवा. कुणाला काही वाटणारही नाही.”

माणूस वाईट नव्हतं. वर्षिणीला हे ताबडतोब कळलं आणि म्हणूनच जास्त लागलं. तिला आयुष्यात हसणाऱ्यांनी जेवढं मागे ठेवलं नव्हतं, तेवढं सांभाळून घेणाऱ्यांनी ठेवलं होतं.

“न... नको. मीच बोलणार. आणि मला शेवटी वाचनही करायचंय.”

“वाचन?”

“सातवी ‘ब’चं. माझं र... राहिलंय.”

गुंजन मिसना काही उलगडेना. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या सिस्टर बेनिग्नांना मात्र उलगडलं. त्या आता निवृत्त झाल्या होत्या आणि आवारातल्याच मठात राहायच्या. वर्षिणीच्या वेळी त्या मुख्याध्यापिका होत्या. रोज सकाळच्या प्रार्थनेत एका मुलीनं माइकसमोर उभं राहायचं, आपलं नाव आणि वर्ग सांगायचा, दिवसाचा बायबलातला उतारा वाचायचा, आणि तो संपला की सगळ्या शाळेनं एका आवाजात “थँक्स बी टू गॉड” म्हणायचं, ही शाळेची रीत. पाळी सगळ्यांची यायची. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, हुशार, ढ, कुणी सुटायचं नाही. सुटली ती एकटी वर्षिणी. तिचा दिवस आला आणि सिस्टरांनी तिच्या पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. उतारा पाठ करून आलेली वर्षिणी रांगेत उभी राहिली, ती जणू आजतागायत तिथेच उभी होती. शाळेच्या रस्त्यानं जायची वेळ आली तर ती लांबचा रस्ता घेई.

“राहिलं नव्हतं ग,” सिस्टर बेनिग्ना कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या. “आदल्या दिवशी तुझे वडील आले होते. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. मुली हिला हसतील, हिला वगळा म्हणून हात जोडून उभे राहिले. मी वगळलं. ऐकायला नको होतं मी त्यांचं.”

वर्षिणीनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी कॉफीकडे पाहिलं. कॉफीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“अप्पा?”

अप्पांनी ओठ हलवले, घसा खाकरला, पुन्हा ओठ हलवले. वर्षिणी थांबून राहिली. थांबायचं कसं हे तिला ठाऊक होतं.

“त्या दिवशी सकाळपासून तू घासही घेतला नव्हतास,” ते शेवटी म्हणाले. “अंगणात फिरत उतारा घोकायली होतीस, आणि नाव, आपलंच नाव. मला बघवलं नाही ग. चुकलं असेल, पण त्या वेळी बघवलं नाही.”

इतकी वर्षं तिनं या शाळेवर, या सिस्टरवर दात धरला होता, आणि चोर घरातच, तिच्याच उशाशी टाळ घेऊन बसलेला. तिला रागही आला आणि ज्याच्यावर तो काढायचा त्याची रिकाम्या पेल्यावर झुकलेली मान पाहून काढवेनाही. काय बोलावं हे ठरायच्या आत घंटा झाली.

हॉल गच्च भरला होता. पुढे मुली, मागे पालक, खिडक्यांशी उभे राहिलेले शेजारी. स्वागताला म्हैसुरी पेटा, म्हणजे जरीची पगडी आली, तो पेटा वर्षिणीच्या डोक्याला एक माप मोठा निघाला आणि भुवयांवर उतरला. पहिल्या रांगेत बसलेल्या अप्पांमधला शिंपी तेवढ्यातही कळवळला. मग शाल झाली, हार झाला, गुंजन मिसनी माइक खाली करून दिला आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या.

“नमस्कार. माझं नाव...” वर्षिणीनं कन्नडमध्ये सुरुवात केली, आणि नाव आलं नाही.

ओठ ‘व’पाशी जाऊन थांबले. हॉल शांत झाला. मग ती शांतता जराशी लांबली, आणि मधल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. त्याला दुसऱ्या एका हसण्यानं साथ दिली.

ठक ठक. पहिल्या रांगेत खुर्चीच्या हातावर बोटं वाजली. ठक ठक, ठक ठक. वर्षिणीनं मान हलवली, पण अप्पांनी तिकडे लक्ष दिलं तर ना! त्यांनी केळी बाजूला सारली, पंचा सोडला, आणि मिशनच्या त्या हॉलमध्ये विठ्ठलाच्या देवळातले टाळ खणखणले. मुलींना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण गाणं म्हटलं की टाळ्या, ही त्यांची सवय. पाहुणीबाई आता गाणार असं समजून पुढच्या रांगेनं ताल धरला, मागच्या रांगेनं तो उचलला, आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. सिस्टरांच्या शेजारी बसलेले पाद्रीबाबाही पाय हलवू लागले. गुंजन मिसचा चेहरा उजळला.

आता फार सोपं होतं. त्या ठेक्यावर पाय टाकायचा की नाव लोण्यासारखं बाहेर येणार होतं. ते ओठांवर आलंही होतं.

वर्षिणीनं पेटा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उभारले. रेल्वेत रुळांवर कुणी असे हात उभारले की कितीही घाई असो, गाडी थांबवायची असते. मुलींना तो नियम माहीत नव्हता, पण हात कळले. टाळ्या विरत गेल्या. शेवटी एकटे टाळ उरले.

“अप्पा,” ती म्हणाली, “थ... थांबा.”

अप्पा थांबले. त्यांनी टाळ मांडीवर आडवे ठेवले आणि त्यांवर दोन्ही तळवे दाबून धरले. घट्ट, एखाद्या जिवंत पाखराला धरावं तसे.

“माझं नाव,” ती पुन्हा म्हणाली, “व... व...”

वेळ लागला. चांगलाच लागला. तिनं कुठेही नजर चुकवली नाही. मघाशी हसलेली मुलगी कोण ते तिला दिसलं, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू जाऊन तिथे नुसतं वाट बघणं कसं आलं, तेही दिसलं. सिस्टर बेनिग्नांचे ओठ तो शब्द पुरवायला उघडले आणि त्यांनी ते हातानं मिटले.

“...वर्षिणी.”

पुढचं तिनं कागदाशिवाय सांगितलं. इंजिनात दोघं असतात, मी आणि माझा सहायक पुनीत. सिग्नल दिसला की मी तो मोठ्यानं म्हणायचा, मग पुनीतनं तोच परत म्हणायचा, म्हणजे दोघांनी नीट पाहिलाय याची खात्री. नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, तुला तर शब्दाला वेळ लागतो, मग कसं होणार? गाडी काय तुझ्यासाठी थांबणार?

“म्हणून मी स... सिग्नल लवकर शोधते,” ती म्हणाली. “बाकीचे बघतात त्याच्या आधी मी बघायला लागते. वळण संपलं की माझे डोळे तिकडेच. शब्दाला वेळ लागतो हे मला माहितीये, तर मी तो आधी काढून ठेवते. आणि पुनीत माझा शब्द कधी पुरा करत नाही. ‘ग्रीन’ माझ्या तोंडून पूर्ण आल्याशिवाय तो ‘ग्रीन’ म्हणत नाही. त्याच्याएवढा मान मला क... कुणी दिला नाही.”

हे बोलताना ती किती वेळा अडखळली, ते सुरुवातीला मुली मोजत असतीलही. नंतर त्यांनी सोडून दिलं. इंजिनात भूक लागली तर काय करता, रात्री हत्ती आडवे येतात का, शिट्टी कितीदा वाजवता, प्रश्नांना ऊत आला. एकीनं तर इथेच शिट्टीचा आवाज काढून दाखवा म्हणून हट्ट धरला, आणि तो वर्षिणीनं एका दमात, न अडखळता काढून दाखवला. हॉल हसून लोटपोट झाला. तीही हसली.

मग तिनं माइकपासून एक पाऊल मागे घेतलं, पदर सारखा केला, आणि लहान मुलीसारखे दोन्ही हात मागे बांधून पुन्हा पुढे आली.

“आजचं वाचन,” ती म्हणाली. “व... वर्षिणी. सातवी ‘ब’.”

उतारा तिला पाठ होता. बी पेरायला निघालेल्या शेतकऱ्याचा. काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत. प्रत्येक ठिकाणी ती अडखळली. वाटेवर अडखळली, खडकावर जास्त, काट्यांत तर रुतूनच बसली. कुणी हसलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. खिडकीतले शेजारीही वाट बघत राहिले. अप्पांचे तळवे टाळांवर पांढरे पडेपर्यंत दाबलेले होते, ओठ मात्र तिच्याबरोबर हलत होते. तो उतारा त्यांनाही पाठ होता. अंगणात फिरणाऱ्या पोरीकडून तेव्हा त्यांनीही तो नकळत ऐकलाच होता की.

शेवटचं बी चांगल्या जमिनीत पडलं. वर्षिणीनं मान खाली घातली.

“थँक्स बी टू गॉड,” सगळी शाळा एका आवाजात म्हणाली.

तो आवाज छताला लागून परत आला. वर्षिणीनं तो अंगावर घेतला, डोळे मिटून, पुरता. मग तिनं डोळे उघडले. पहिल्या रांगेत एक म्हातारा शिंपी टाळांवर हात दाबून, रडत, तिच्या परवानगीची वाट बघत होता.

“अप्पा,” ती माइकवरूनच, घरच्या मराठीत म्हणाली, “आता वाजवा.”