मध्येच बोललेलं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणजे इतका, की माझं झाकण रबरबँड लावून धरून ठेवावं लागतं. हसू नका. एके काळी माझाही थाट होता.

माझ्या पहिल्या मालकाने मला दुरुस्तीला टाकलं आणि तो पुन्हा फिरकलाच नाही. दोन वर्षं मी रेडिओच्या दुकानात धूळ खात पडलो. शेवटी दुकानातल्या मेकॅनिकनीच मला ठणठणीत केलं आणि घरी बायकोला नेऊन दिलं. त्या गाणी रचायच्या आणि स्वतःच गायच्या. मी त्यांना बाई म्हणतो.

बाईंना ठाण मांडून बसल्यावर कधी काही सुचलं नाही. गाणं यायचं ते भांडी घासताना, नाहीतर कपडे वाळत घालताना. म्हणून माझी जागा स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी. चाल सुचली की पिठाच्या हातानेच माझं लाल बटण दाबायच्या. आधी नुसतं गुणगुणणं, शब्द मागाहून. शर्टाच्या तुटलेल्या बटणावर त्यांनी केलेलं गाणं ऐकून भरल्या सभागृहात लोकांनी डोळे पुसले. एकदा पेपरवाल्यांनी माझासुद्धा फोटो काढला.

पण त्या घरात एक भांडण रोजचं होतं. बाई टेपवर चाल भरत असल्या की मेकॅनिक नेमके मध्येच बोलायचे. दूध उतू चाललंय, माझी किल्ली कुठाय, नळ वाहतोय. झालं! बाई कपाळाला हात लावायच्या, टेप मागे घ्यायच्या आणि त्याच जागेवर पुन्हा भरायच्या. माझ्या पोटात चुंबकाचा एक छोटा तुकडा आहे. नवीन आवाज भरण्याआधी तो जुना पुसून टाकतो. मेकॅनिक 'चुकलं' म्हणत चोरपावलांनी निघून जायचे, आणि मी त्यांचं बोलणं पुसायचो. किती वेळा पुसलं असेल, देव जाणे.

पुढे मोबाइल आले आणि मी कपाटात गेलो. बाई मला साफ विसरल्या. मेकॅनिक मात्र अधूनमधून बाहेर काढून कापसाच्या बोळ्याने माझे अवयव पुसायचे, मोटार फिरवून बघायचे.

मागच्या वर्षी भर दुपारी, दुकानातल्या खुर्चीतच मेकॅनिक गेले.

पंधरा दिवसांनी बाईंना त्यांचा आवाज ऐकावासा वाटला. मोबाइलमध्ये कार्यक्रमांचे ढीगभर व्हिडिओ होते, पण ते सगळे मेकॅनिकनीच काढलेले. काढताना ते तोंडातून ब्र काढत नसत. ती सवय बाईंनीच लावली होती. मग बाईंना माझी आठवण झाली. लेकीला म्हणाल्या, "अगं, कॅसेटमध्ये असतील की. सारखे मध्ये मध्ये तर बोलायचे!"

त्रेचाळीस कॅसेटी निघाल्या. मायलेकी आठ दिवस कान लावून बसल्या. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो, पण मला माझं असं बोलता येत नाही. प्रत्येक कॅसेट स्वच्छ निघत होती. बाईंचं गुणगुणणं, भांड्यांचा आवाज, पुन्हा बाई. लेक म्हणत होती, पुढच्या कॅसेटमध्ये असेल. मी मनातल्या मनात शरमेने मरत होतो.

शेवटच्या कॅसेटमध्ये एक चाल लवकर संपली. पुन्हा भरताना ती आधीपेक्षा आखूड झाली होती, त्यामुळे आधीच्या भांडणाचं शेपूट पुसायचं राहून गेलं होतं. मेकॅनिकचे शब्द गेलेच होते. राहिला होता फक्त बाईंचा तरुण, चिडलेला आवाज: "तुम्ही गप्प बसायला काय घ्याल हो?"

बाईंनी मला बंद केलं. माझ्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांचं बोलणं गेलं गं सगळं. माझं खेकसणं तेवढं राहिलं."

लेकीने त्यांना जवळ घेतलं. त्यानंतर बाईंनी एकही चाल केलेली नाही. भांडी घासतात, कपडे वाळत घालतात, पण गुणगुणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या कामात घरचं कुणी मध्येच बोललं, तर बोलू द्या. ते बिघडलेलं म्हणून पुसू नका. मी यंत्र आहे, कुणी पुस म्हटलं की मला पुसावंच लागतं. तुम्हाला तरी 'नाही' म्हणता येतं.