उत्तरेचा पट्टा

अनंतराव तरुणपणी चितेगावच्या कारखान्यात विजेचं काम पाहायचे, तेव्हा त्यांनी स्कूटरला बसवायचं एक यंत्र केलं होतं. स्कूटर जाईल तसा तिचा रस्ता कागदावर उमटायचा. लोक हसले. पुढं मोबाइलच वाट दाखवू लागले आणि अनंतरावांनी असले उद्योग सोडून दिले.

यंदा काचबिंदूनं त्यांच्या पत्नीची, पद्मजाबाईंची नजर जवळजवळ गेली. त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या संध्याकडं, जिवाभावाच्या मैत्रिणीकडंही नाही.

"मी सोडतो की," अनंतराव म्हणाले.

"तुम्ही सोबत बसलात, तर तुमच्याबद्दल बोलायचं कसं?"

दोघंही हसले. पण त्या दिवशीही बाई घराबाहेर पडल्या नाहीत. अनंतरावांनी कपाटातून सोल्डरिंगची पेटी काढली.

त्यांनी कमरेला बांधायचा एक कापडी पट्टा केला. आत होकायंत्र आणि बारीक मोटारी. जी बाजू उत्तरेकडं, तिथं थरथर.

"संध्याचं घर सरळ उत्तरेला. पोटावर थरथर आहे, तोवर तू वाटेवर."

गच्चीवर पुष्कळ सराव झाला. एका सकाळी बाई पट्टा बांधून, काठी घेऊन निघाल्या. "मागं यायचं नाही," म्हणाल्या.

अनंतराव पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं संध्याचा फोन आला, "पद्मजा अजून कशी आली नाही?"

ते तसेच अनवाणी धावले. पद्मजाबाई पिठाच्या गिरणीसमोर, विजेच्या लोखंडी डीपीजवळ एकट्याच मागंपुढं चालत होत्या.

गिरणीवाल्या आशाबाई म्हणाल्या, "लई वेळ झाला, काका. बसा म्हणलं तर ऐकंनात."

अनंतरावांनी पट्ट्याकडं हात नेला. "माझंच चुकलं. काढ तो पट्टा."

"अहो, हरवले नाही मी! डीपीजवळ हा येडा होतो, सगळीकडून गुदगुल्या करतो. चार पावलं लांब गेलं की शहाणा. नक्की कुठपासून बिघडतो ते बघतेय."

अनंतराव बघतच राहिले. "डीपीचं लोखंड... होकायंत्र भरकटणारच. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"तुम्हाला दिसतं ना, म्हणून. आता तुम्ही घरी जा, संध्या माझी वाट बघत असेल."

त्या पुढं निघाल्या. मैत्रिणीच्या फाटकाची कडी वाजेपर्यंत अनंतराव भर उन्हात उभे होते.