रस्त्याकडेचा चर

त्या दिवशी हॅटन शहर सोडल्यापासून मला "एकटीच निघालीस?" असं इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मी उत्तर देणंच बंद केलं. बेकरीवाला, स्टँडवरचा रिक्षावाला, मुरुगनच्या देवळातला पुजारी, वळणावर पेरू विकणारी बाई, सगळ्यांना एकच काळजी. गोरी पोरगी एकटी सायकलवरून गेली की हीच बाई तिला पेरू कापून, मीठ-तिखट लावून देते आणि दिसेनाशी होईपर्यंत हात हलवते. मी गेले तर विचारते, घरात भांडण झालं का गं? अगं बये, तुझ्या नवऱ्याच्या सायकलची चेन कोण बसवतं? मीच ना! मामाच्या मागे त्याचं सायकलचं दुकान मी चालवते, अख्ख्या बाजाराला मी पवळम म्हणून ठाऊक आहे. माझे काळे झालेले हात यांना चालतात, पण त्याच हातांनी मी हँडल धरलं की यांच्या पोटात दुखतं.

खरं सांगायचं तर इतकी वर्षं सायकली भाड्याने देऊनही मी स्वतः कधी हा डोंगर चढले नव्हते. पाहुणे, म्हणजे परदेशी पर्यटक, चढतात. चहामळ्यांतून चार दिवस भटकतात आणि सायकल परत करताना माझ्यापुढे आमच्याच माणसांचं कौतुक करतात. काय तुमची माणसं गोड! आम्ही दिसलो की बायका डोक्यावरचं ओझं सावरत रस्ता सोडतात, बाजूच्या चरात उतरून उभ्या राहतात आणि वर हसतात. मी पाना फिरवत "हो हो" म्हणते. काय सांगणार? त्यात गोडवा कसला आलाय डोंबल! मळ्याच्या रस्त्यावर दुरै आला, म्हणजे मळ्याचा साहेब आला, की मजुराने चरात उतरायचं, छत्री मिटायची आणि मान खाली घालायची. गोरे दुरै आपल्या देशी गेले, त्यांच्या जागी आमच्यासारखेच सावळे दुरै आले, पण चर काही कोणी बुजवला नाही. आमच्याकडे आई मुलाला बोट धरून चालायला शिकवते तेव्हा आधी चर दाखवते आणि मग रस्ता.

माझी आई मरुदायी अजून डनकेरीच्या मळ्यावर राहते, मजुरांच्या लाइनीत, त्या लांबलचक चाळीत, शेवटून दुसऱ्या खोलीत. आदल्या संध्याकाळी युनियनच्या पेरियण्णनचा फोन आला. म्हणाला, तुझ्या आईने खोली सोडायचं कबूल केलंय, शुक्रवारपर्यंत, तेव्हा येऊन सामान घेऊन जा. का, तर आईने चहाची पानं खुडायचं थांबवलं, घरातलं दुसरं कोणी मळ्यावर कामाला नाही, म्हणजे खोलीवर हक्क उरला नाही. आणि ती लाइन आता रंगवून पाहुण्यांना द्यायची आहे. एक रात्र मजुरासारखं राहून बघा म्हणे! माझी आई तिथे जन्मभर राहिली, ते बघायला कोणी आलं नाही.

मी म्हटलं, आईला दे. आई फोनवर आली आणि म्हणाली की दुरैने विचारलं, मी मान हलवली, आता काय बोलायचं. मी विचारलं, तुला यायचंय का माझ्याकडे? त्यावर ती म्हणाली की आज रोटीत नारळ कमी पडला. माझ्या आईला मी ओळखते. तिला यायचं असतं तर नारळ आठवला नसता.

दुकानामागची खोली तिच्यासाठी मी कधीची झाडून ठेवली आहे. उद्या आपणहून आली तर डोक्यावर बसवून आणीन. पण मी तिला आणणं वेगळं आणि दुसऱ्या कोणी तिला हाकलणं वेगळं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दरड कोसळून बसचा रस्ता बंद होता, तेव्हा मळ्यामळ्यांतून जाणारी डोंगराची वाटच काय ती उरली होती. सकाळी दुकानाला कुलूप घातलं, गिअरची चांगली सायकल काढली आणि निघाले.

चढ असा की बोलायची सोय नाही. पहिल्या टेकाडावरच मांड्या भरून आल्या. दोन्ही बाजूंना चहा, वर चहा, खाली चहा, आणि धुकं कधी चाकाशी तर कधी नाकाशी. मी मनातल्या मनात पेरियण्णनला शिव्या घालत पॅडल मारत होते. त्याचा उपयोग होतो, चढ चढतो.

डनकेरीच्या हद्दीवर गेट लागलं. तिथला राखणदार गुणदास खुर्चीतून न उठताच म्हणाला, सायकल इथेच ठेव आणि चालत जा. मी विचारलं, का? तर म्हणे सायकलचा रस्ता पाहुण्यांसाठी आहे, गावच्या माणसांना सायकलवरून बंदी. म्हटलं, बाबा रे, या रस्त्याची खडी माझ्या बापाने फोडली आहे.

"मग बापाला घेऊन ये," तो म्हणाला आणि हसला.

बाप वर सात नंबरच्या मळ्यापाशी मातीत झोपला आहे. ते त्याला कशाला सांगू? सायकल वळवली. थोडं खाली आल्यावर पिशवी उघडली, हेल्मेट चढवलं, काळा चष्मा लावला, एका पाहुण्याने दुकानात टाकून दिलेलं पिवळंजर्द जॅकेट अंगात घातलं आणि नाकातोंडावर रुमाल बांधला. मग फॅक्टरीकडून वळसा घालून दुसऱ्या गेटला गेले. तिथला राखणदार मला लांबून पाहूनच उभा राहिला. त्याने दांडा वर केला, "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाला, वर कपाळाला हात लावला. मी नुसता हात हलवला. पुढच्या वळणापर्यंत मला हसू आवरेना. मग हसू ओसरलं आणि असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. चेहरा झाकला तर रस्ता माझा, उघडा ठेवला तर नाही!

दुपारच्या वजनाची वेळ झाली होती. खुडणाऱ्या बायका पाठीवर भरलेल्या पिशव्या घेऊन उतारावरून येत होत्या. मला बघताच त्या एकीमागोमाग एक चरात उतरल्या. मी हातानेच नको नको करत होते, पण त्यांच्या माना खाली, बघणार कोण? त्या बायकांच्या मागे एक म्हातारी होती. छाटणीतली चहाची लाकडं मोळी करून डोक्यावर घेतलेली. तिचा गुडघा वाकत नव्हता. तिने एक हात मोळीला लावला, दुसरा जमिनीला, आधी चांगला पाय चरात टाकला आणि मग दुखरा पाय ओढून घेतला. चरात पावसाचं पाणी होतं, तिच्या घोट्यापर्यंत आलं. मान खाली घालून ती उभी राहिली.

ती माझी आई होती.

ब्रेक कसे दाबले ते आठवत नाही. सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि हेल्मेट, चष्मा, रुमाल सगळं काढून फेकलं. "अम्मा, वर ये आधी," मी ओरडले. तिने मान उचलली, मला ओळखलं आणि चक्क हसली. म्हणाली, अगं तू होय? मला वाटलं कोणी दुरैसानी, मडमच आली.

मी तिला हाताला धरून वर ओढली, मोळी उतरवली आणि रस्त्यातच तिच्यावर तुटून पडले. गुडघ्याची वाट लागली आहे, पाणी साचलंय, पाय घसरला असता तर? आणि कोणासाठी? सायकलवरच्या पिवळ्या जॅकेटसाठी? बायका चरातून वर येऊन आमच्याभोवती जमल्या. त्यांतली अंजलै माझ्याबरोबर मळ्याच्या शाळेत होती. तिने आपल्या बाटलीतला कोरा चहा मला झाकणात ओतून दिला, तळहातावर साखर ठेवली आणि म्हणाली की आधी पी, मग भांड, तुझं तोंड सुकलंय. चहा म्हणजे काय, चाळणीखालची भुकटी. चांगला चहा जहाजाने जातो.

आई दगडावर बसून पदराने पाय पुसत होती. तिचं म्हणणं, माझं काय गेलं, पाय तेवढे भिजले. मी विचारलं, आणि खोली? मान का हलवलीस? तर म्हणाली की तो उभा होता, मी उभी होते, त्याने विचारलं. दुरैपुढे आपली मान आडवी हलते का कधी?

"तुला जायचंय का नाही, एवढंच सांग," मी म्हटलं.

तिने वर सात नंबरच्या मळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दर शुक्रवारी तुझ्या अप्पाला दिवा लावते मी. पाहुणे लावणार आहेत का?"

झालं. एवढंच हवं होतं मला. म्हटलं, चल, आत्ताच दुरैच्या ऑफिसात जाते आणि त्याच्या टेबलावर सायकल ठेवून सांगते. आईने माझा हात धरला. म्हणाली, तू बोललीस तर म्हणतील शहरातून पोरगी आली आणि म्हातारीचं डोकं फिरवून गेली. तू तोंड उघडायचं नाहीस. मग कोण उघडणार, मी विचारलं. त्यावर तिने पुन्हा पाय पुसायला घेतले. माझा असा चडफडाट झाला की काही विचारू नका.

तेवढ्यात वरच्या वळणावर मोटरसायकल वाजली. आवाज ओळखीचा असणार, कारण बायकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. सगळ्या सरळ चरात उतरल्या. आणि मी एवढं घसा फोडून ओरडल्यावर, पाय कोरडे केल्यावर, माझी आईसुद्धा उठली आणि पुन्हा त्याच पाण्यात जाऊन उभी राहिली. मी उतरले नाही. सायकल धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

दुरै तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, चेहरा हसरा. माझं पिवळं जॅकेट बघून त्याने गाडी थांबवली. तुम्ही कुठून आलात, चढ कसा वाटला, सायकल कुठली, सगळं आदबीने विचारलं. मी सांगितलं, ही मरुदायी माझी आई. त्याचं हसू तसंच राहिलं, पण सूर बदलला.

"अरे वा, मग बरं झालं आलीस," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत सामान हलव. आईने कबूल केलंय. काय गं मरुदायी?"

आता मान हलणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंजलैने तर डोळेच मिटले. मी दातांवर दात दाबून गप्प उभी होते. आईने पदर डोक्यावर ओढला, हात जोडले आणि पाण्याकडे बघतच बोलली.

"नाही दुरै. मी खोली सोडत नाही."

तो म्हणाला, तू तर हो म्हणाली होतीस. आई म्हणाली, "मान हलवली होती. ती तुम्हाला बघितलं की आपोआप हलते. आता तोंडाने सांगते. माझा माणूस तुमच्या मळ्यात पुरलाय. त्याला सोडून मी जाणार नाही. बाहेर काढायचं असेल तर उचलून काढा, सगळी लाइन बघेल."

दुरैने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की हे तू शिकवलंस का. मी काही म्हणणार तोच आई बोलली, ती आत्ता आली, मला शिव्या घालण्यापलीकडे तिने काही केलेलं नाही. एक बाई फिस्सकन हसली आणि तिने लगेच तोंडावर पदर घेतला. दुरैचे कान लाल झाले. वरच्या लोकांशी बोलावं लागेल, असं काहीतरी पुटपुटत त्याने किक मारली. मी सायकल हलवली नाही. त्याला माझ्या कडेने, चराला चिकटून जावं लागलं.

गाडी गेली तरी कोणी हललं नाही. आईला मिठी मारावी की तिच्यावर पुन्हा ओरडावं, कळेना. शेवटी ओरडलेच.

"अम्मा, एवढं बोललीस, मग आता तरी त्या पाण्यातून वर ये की!"

तिचे हात अजून जोडलेलेच होते. खालच्या वळणावरून मोटरसायकलचा आवाज येत होता आणि तिचं सगळं लक्ष तिकडे होतं.

"तोंडाने आज ऐकलं माझं," ती म्हणाली. "पायांना त्याच दिवशी कसं सांगू? त्याला वळणापलीकडे जाऊ दे."