आठ पायांचं सॉकेट

चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र ताईच्या वर्कशॉपमध्ये एकच होतं, सॉकेटं मात्र खोकंभर. जशी चिप तसं सॉकेट यंत्रावर बसवायचं, झाकण अंगठ्यानं दाबायचं, चिप आत सोडायची. अंगठा उचलला की आतल्या स्प्रिंगा तिचे पाय पकडतात. त्याशिवाय यंत्राला चिपमधलं वाचताही येत नाही आणि तिच्यात लिहिताही येत नाही. बाकीची सॉकेटं ताई कुणालाही उसनी द्यायची, पण आठ पायांच्या बारक्या चिपचं तिच्याकडे एकच होतं आणि ते ती तळहाताच्या फोडासारखं जपायची. माझ्यापेक्षा त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर तुझा जीव जास्त, असं धाकटा भाऊ तिला चिडवायचा. ते साफ खोटं होतं. आई गेल्यावर या पोराला तिनंच वाढवलं, हे काम शिकवलं. पण त्याचं बूड एका जागी कधी टिकलं नाही, आणि आता तो एका खाणमालकाची गाडी चालवायचा. तिला ते पटत नसे, तरी तो दारात दिसला की तिला बरं वाटायचं.

त्या दिवशी तो भर दुपारी आला, हातात गाडीतून काढलेला एअरबॅगचा काळा डबा घेऊन. कुत्रं आडवं आलं, गाडी भिंतीला लागली, एअरबॅग उघडल्या, डबा साफ करून दे, असं त्यानं एका दमात सांगितलं. मालकाची माणसं बाहेर दुसऱ्या गाडीत बसून होती. असली कामं ताईकडे नेहमीच येत. गाडी ठोकली की हा डबा त्याआधीचे पाच सेकंद आपल्या चिपमध्ये लिहून ठेवतो आणि मग हटून बसतो. चिप पुसली की पुन्हा कामाला लागतो. ताईनं गरम हवेच्या गननं चिप सोडवली, सॉकेटात बसवली आणि वाचायला घेतली.

पुसण्याआधी एकदा बघून घ्यायची तिला खोड होती. धाकट्याला ती ठाऊक असायला हवी होती, पण डोकं वापरायचा या पोराला लहानपणापासून कंटाळा. पडद्यावर आधी गाडीचा चासी नंबर आला, मग वेग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. ब्रेकसमोर पाचही सेकंदांना शून्यं होती. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला होता आणि वेग शेवटपर्यंत चढत गेला होता. कुत्रं आडवं आलं तर माणूस ब्रेक मारतो, निदान पाय तरी उचलतो.

वजनकाट्यावरच्या काकांना कुणीतरी परवाच गाडीखाली घेतलं होतं. काट्याच्या खोलीच्या भिंतीशी त्यांना चिरडून गाडी पळून गेली होती. खाणीच्या ट्रकांचं वजन कमी दाखवायला त्यांनी नकार दिला होता, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. काट्याची चिप बदलून दे म्हणून मालकाचा माणूस ताईकडेही आला होता आणि तिनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

“काका होते ना ते?” तिनं विचारलं.

धाकट्यानं यंत्राची वायर उपटली. वाचलेलं अजून साठवलं नव्हतं, ते गेलं. मग तो खालच्या आवाजात घाईघाईनं बोलत राहिला. गाडी आता मालकाच्या आवारात होती. पोलिस ती उद्या तपासणार होते. डबा नाहीसा झाला तर संशय पक्का होणार, म्हणून तो साफ होऊन जागेवर बसायला हवा होता. नाही बसला तर भिंतीशी पुढचा नंबर तुझा, असं मालकानं त्याला सांगितलं होतं. ताई म्हणाली, पोलिसांकडे चल, मी येते बरोबर. तो हसला. त्या हसण्याचा तिला संताप आला. तिनं झाकण दाबलं, चिप उचलली आणि तोंडात टाकली.

“तोंड उघड,” तो म्हणाला.

तिनं मान हलवली. त्यानं तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटल्यावर पुढचा दात तुटला. मग जबडा दाबून त्यानं आत बोट घातलं, आणि ती त्या बोटाला हाडापर्यंत चावली. तो ओरडला, तिच्या पोटात गुडघा घातला आणि ती खाली पडल्यावर बरगड्यांवर लाथ मारली. चिप जिभेखाली होती आणि तिचे पाय हिरडीत रुतले होते. दुखत होतं, पण तिला ओरडताही येत नव्हतं.

गरम हवेची गन अजून चालूच होती. तिच्या छातीवर गुडघा रोवून त्यानं ती तिच्या गालाजवळ आणली. कानामागचे केस जळले, मग कातडी करपली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी त्याचा हात मागे जात नव्हता. ताई आयुष्यात पहिल्यांदा त्याला घाबरली. आता आपण तोंड उघडणार, हे तिला कळलं. म्हणून रक्ताच्या घोटाबरोबर तिनं चिप गिळली.

“गिळली,” ती म्हणाली आणि रिकामं तोंड उघडून दाखवलं.

बाहेर हॉर्न वाजला. चिप कुठे आहे हे कळलं असतं तर बाहेरची माणसं तिला सुऱ्यानं फाडायला मागेपुढे पाहणारी नव्हती. धाकट्याची नजर तिच्या पोटावर गेली आणि क्षणभर तिथंच राहिली. गाल भाजला तेव्हा झाल्या नव्हत्या इतक्या यातना तिला त्या क्षणी झाल्या. मग कुणीतरी शटरवर लाथ घातली, आणि त्यानं गन टाकून दिली.

ड्रॉवरमधून त्यानं तसलीच एक कोरी चिप काढली, वायर जोडली आणि चिप सॉकेटात बसवली. बोटातलं रक्त यंत्रावर ठिबकत होतं. ताई जमिनीवरून बघत होती. घाबरलेल्या माणसाकडून होते तीच चूक त्यानं केली होती. चिपची दिशा दाखवणारा ठिपका भलत्याच कोपऱ्यात होता. तशीच भरायला घेतली असती तर चिप जळली असती, आणि बाहेर गेल्यावर त्याचाही निकाल लागला असता. ती गप्प राहू शकत होती. त्या घटकेला त्याला तसा मरू द्यावा असं तिला खरोखर वाटलंही.

“उलटी आहे,” ती म्हणाली.

त्यानं चिप फिरवली, साफ डबा जसा दाखवतो तसा, ताईनं आधीच यंत्रात ठेवलेला डेटा या गाडीचा चासी नंबर घालून तिच्यात भरला आणि ती डब्यात झाळून पक्की केली. शटरपाशी तो थांबला. वळून न बघता म्हणाला, “बाहेर पडली की फेकून दे, ताई. माझ्यासाठी.”

गाडी गेल्याचा आवाज आला, तशी ती भिंत धरून मोरीपर्यंत गेली आणि घशात बोटं घातली. बरगड्यांतून कळा येत होत्या. रक्तात आणि आंबट पाण्यात चिप सापडली. ताईनं ती धुतली, पुसली आणि सॉकेटात ठेवली. झाकणावरून अंगठा उचलताना ती मनातून विनवत होती, की चिप मेलेली असू दे. तिनं जे करायचं ते केलं होतं. चिपच मेली तर कुणी तिला बोल लावला नसता, आणि धाकटा वाचला असता.

संपर्क होत नाही, असं यंत्रानं सांगितलं.

ताईला हायसं वाटलं. ती स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. वजनकाट्याच्या भिंतीवरचा डाग काकांची बायको स्वतः धूत होती, असं शेजारचा टायरवाला सकाळी सांगत होता. ताईनं डोळे पुसले आणि भिंग उचललं. चिपचा तिसरा पाय वाकून पोटाला चिकटला होता. यात मेलेलं काही नव्हतं, रोजच्या कामातली गोष्ट होती ही. चिमटा उचलायला तिला फार जड गेलं. पाय सरळ करून तिनं चिप पुन्हा बसवली.

ब्रेकसमोर पाच शून्यं आली. या वेळी तिनं ती साठवली, चिप काडेपेटीत घातली आणि ओढणीनं गाल झाकून पोलिस ठाण्यात गेली. गाडी कोण चालवत होतं, असं तिथं विचारल्यावर ती म्हणाली, “माझा भाऊ.” ओठ फाटल्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत, म्हणून तिला ते पुन्हा सांगावं लागलं.