कोरा कागद

भाऊजींवर मी पाळत ठेवली होती, हे आधीच कबूल करून टाकते. उगीच नव्हती ठेवली. ज्या माणसाने सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ 'दुरुस्तीला नेतो' म्हणून नेलं आणि सोळा वर्षं ते अजून दुरुस्तच होतंय, त्याला घरात एकटं कसं सोडायचं? आमचे हे म्हणायचे, "जाऊ दे गं, धाकटा आहे." धाकटा पन्नाशीचा झाला तरी ह्यांचं 'जाऊ दे' काही संपलं नाही.

हे गेले त्याला आठ महिने झाले. मागे एक गाडी राहिली. गाडी म्हणजे टेबलावर मावेल एवढी. एक इंजिन आणि पाच डबे, सगळे सुट्या भागांपासून ह्यांनी जोडलेले. चाकं फिरतात, दारं उघडतात. गडद हिरवा रंगही ह्यांनीच दिला. पिवळ्या पट्ट्या आणि नंबरांची पांढरी अक्षरं तेवढी राहिली. अशा छोट्या गाड्या करणाऱ्या हौशी लोकांचं ह्यांचं एक मंडळ होतं, त्याच्या सभागृहात भिंतीला लागून एक काचेचं कपाट आहे. महिनाअखेरीला त्यात ही गाडी ठेवायची, असं मंडळाने ठरवलं. अध्यक्षांनी मात्र मला स्पष्ट सांगितलं, "वहिनी, नंबर नसलेली गाडी आम्ही ठेवत नाही. तो आमचा नियम आहे, आणि तुमच्या ह्यांनीच केलेला आहे." म्हणजे बोलायची सोय नाही. ह्यांची गाडी त्या कपाटात जावी, एवढं एकच मला हवं होतं.

मग दर रविवारी दुपारी तीनला भाऊजी यायला लागले. स्वतःचा चिमटा घेऊन. मी काही बोलावलं नव्हतं.

त्यांना काम येतं, हे मात्र म्हणायला हवं. ही अक्षरं न् पट्ट्या साध्या चिकटवायच्या नसतात. त्यांना डेकल म्हणतात. खास कागदावर छापलेली असतात. हवा तेवढा तुकडा कापायचा, बशीतल्या कोमट पाण्यात बुडवायचा आणि मिनिटभर थांबायचं. मग छापलेला पापुद्रा कागदावरून सुटतो. तो ब्रशने डब्यावर सरकवायचा, जागेवर आणायचा आणि कापसाने पाणी टिपायचं. भाऊजींनी पिवळ्या पट्ट्यांचा निळसर कागद घेतला आणि दोन रविवारांत सगळ्या पट्ट्या बसवल्या. श्वास रोखून बसवायचे. एरवी गप्प न बसणारा माणूस त्या वेळी तोंडातून शब्द काढत नसे. मला तेही संशयास्पद वाटलं.

कारण पट्ट्या बसवून झाल्या की त्यांची खरी सुरुवात व्हायची. ह्यांचे ड्रॉवर उघडायचे, फायली चाळायच्या, पाकिटं उलटी करून झटकायची. कागद खिडकीशी धरून तिरके करून बघायचे. मी विचारलं, "काय शोधताय भाऊजी?" तर म्हणाले, "दादाची पांढरी अक्षरं. एकच कागद होता. ज्या छपाईवाल्याने पांढऱ्या शाईत काढून दिला होता, त्याचं दुकान बंद झालं. आता तसं कुणी छापत नाही." आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये डोकं. अक्षरं शोधायला माणूस ह्यांच्या घराच्या कागदपत्रांच्या फायलीत कशाला जाईल? मी म्हातारी होत चालले असेन, पण दूधखुळी नाही.

माझी आठवण आता पूर्वीसारखी राहिली नाही. पुढेमागे कुणी पुरावा मागितला तर हातात काहीतरी हवं. म्हणून पहिल्याच रविवारी, ते हात धुवायला गेले तेवढ्यात, खालच्या ड्रॉवरमधल्या खाकी पाकिटातून मी एक कोरा कागद काढून घेतला. छान जाड, गुळगुळीत. पेन थोडं घसरायचं, म्हणून दाबून लिहावं लागे. तो कागद मी स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे ठेवला. ते गेले की लगेच टिपून ठेवायची:

'रविवार. तीन ते सव्वापाच. वरचा ड्रॉवर दोनदा उघडला.'

'रविवार. जाताना शर्टाच्या खिशात काहीतरी टाकलं. पुढच्या वेळी खिसा बघावा.'

'रविवार. घड्याळाचा विषय काढला. चहा गार झाला म्हणाले. लबाड.'

चौथ्या रविवारी भाऊजी चिमटा खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, अक्षरं नाहीत. सगळं घर पालथं घातलं. खालच्या ड्रॉवरमध्ये एक खाकी पाकीट आहे, त्यावर दादाने 'नंबर' असं लिहिलंय. ते रिकामं आहे."

माझं डोकंच फिरलं. शोधणारे हेच, आणि नाहीत म्हणणारेही हेच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"रिकामं असेल नाहीतर काय," मी म्हटलं. "घड्याळ गेलं, तशी अक्षरंही गेली. कुणाला दिलीत भाऊजी? आणि खिशात काय घालून नेता दर वेळी?"

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत पट्ट्यांचे नखाएवढे उरलेले तुकडे होते. "घरी जुन्या डब्यावर सराव करतो," ते म्हणाले. "दादाच्या गाडीवर पहिल्यांदाच हात चालवायचा म्हणजे भीती वाटते."

पण मला आता थांबायचंच नव्हतं. मी स्वयंपाकघरातून कागद आणला आणि उभ्या उभ्या सगळा वाचून दाखवला. वार, वेळा, खिसा, सगळं. 'लबाड' हा शब्दही गाळला नाही. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "बघू तो."

"वाचलं ना मी."

"कागद बघू, वहिनी."

त्यांनी तो खिडकीशी नेला आणि तिरका केला. मला जवळ बोलावलं आणि कागद तसाच धरून ठेवला. माझ्या निळ्या ओळींच्या खालून अक्षरं चमकली. पांढऱ्यावर पांढरी. ह्यांच्या वळणाचे आकडे, डब्यांचे नंबर, ओळीने. सरळ बघितलं तर कागद कोराच.

मी खुर्चीवर बसले. 'नंबर' लिहिलेलं पाकीट मीच रिकामं केलं होतं, वर काय लिहिलंय ते न बघता. ह्यांचं शेवटचं काम मी माझ्या हाताने, दाबून दाबून खरवडलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

भाऊजींनी भिंग घेऊन मोजणी केली. प्रत्येक डब्याला दोन बाजू, म्हणून प्रत्येक नंबर दोनदा छापलेला. "मंडळाचं कपाट भिंतीला लागून आहे," ते पुटपुटले. "एकच बाजू दिसते." पाचही डब्यांचा एकेक नंबर धड निघाला. इंजिनाचे दोन. एक पेनच्या टोकाने फाटलेला. दुसरा अख्खा होता, पण त्यावरून 'लबाड' गेला होता.

"स्पिरिटने पुसा ना," मी म्हटलं.

"शाईबरोबर नंबरही जाईल."

मग त्यांनी आकड्यांच्या अगदी कडेकडेने ब्लेड फिरवलं. कागद पाण्यात बुडवला. मिनिटभर आम्ही दोघं त्या बशीकडे बघत बसलो. पापुद्रा सुटला आणि ३१७ इंजिनावर चढला. आकड्यांच्या मधली शाई झाकायला भाऊजींनी हिरव्या रंगात बुडवलेला ब्रश माझ्या हातात दिला. "तुमचा हात स्थिर आहे, वहिनी." ते खोटं होतं, पण मी ब्रश धरला. आकड्यांवरचे निळे फराटे मात्र राहिले ते राहिलेच.

महिनाअखेरीला गाडी कपाटात लागली. अध्यक्षांनी चष्मा वर करून, काचेला नाक लावून बघितलं. "सुंदर," ते म्हणाले. "पण इंजिनाच्या नंबरावर हे निळं काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "माझ्या हातून पेन लागलं. धांदरटपणा माझा."

अध्यक्षांनी मान हलवली. "तुमच्या दादाच्या हातून असं झालं नसतं."

"नाही," भाऊजी म्हणाले.

घरी परतताना जिन्यात त्यांनी आपणहून सांगितलं, की घड्याळ त्यांनी तेव्हाच विकलं होतं, आणि ते दादाला माहीत होतं. मी 'बरं' म्हटलं. मग म्हटलं, रविवारी तीनला या. गाडी कपाटात असली म्हणून काय, तिची दुसरी बाजू अजून रिकामी आहे.