यूपीएसची शिट्टी

घरच्या कम्प्युटरला यूपीएस लागतो का, असं दुकानात कोणी विचारलं, की माझा दादा आता एवढंच म्हणतो, ‘लागतो.’ पूर्वी तो नको तितकं बोलायचा. वीज वर-खाली झाली तर ही पट्टी घ्या, फायली ठेवायला ही वेगळी डिस्क घ्या, कीबोर्डवर हे झाकण घ्या. तू म्हैस विकायला बसलास तर खुंटाही गळ्यात बांधशील, असं मी त्याला चिडवायची.

बाबांच्या घशाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा माझे दिवस भरत आले होते. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. जगात इतकी माणसं विनाकारण बडबडत असतात, त्यातल्या एखाद्याचं काढायचं, असं माझ्या मनात आलं आणि मला त्याची लाजही वाटली नाही. बाबांनी सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली होती. गाव त्यांना भोंगा म्हणायचं. घरात त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारी खिडकीत यायचे.

नातवंडाला आपला आवाज ऐकायलाच मिळणार नाही, हे त्यांना काही केल्या सोसेना. त्यांनी बाळासाठी एक गोष्ट रेकॉर्ड करून ठेवायचं ठरवलं. मी फोन पुढे केला, तर म्हणाले, ‘नको. त्यात माझा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.’ मग दादाने कम्प्युटरला लावायला चांगला माइक आणला, आणि त्याच्यामागे शेपूट म्हणून, वीज गेली तरी कम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा यूपीएस.

त्या खोक्याने घरात उच्छाद मांडला. वीज जरा लवलवली की तो शिट्टी मारायचा, आणि आमच्याकडे वीज दिवसभर डोळे मिचकावायची. बाबांची शिस्त जुनी होती. घोषणा एका दमात करायची, अडखळलं तर पहिल्यापासून. गोष्टीत शिट्टी घुसली की ते सगळं पुसून पुन्हा सुरुवात करायचे. आवाज रोज झिजत होता, आणि उरलेला असा वाया जात होता.

‘बाबा, थोडं थोडं सेव्ह करत जा,’ दादा म्हणाला. ‘शिट्टी मी नंतर कापून टाकतो.’

‘मी काय गाडी अर्ध्या वाटेत सोडून उतरू? मुक्कामाला पोचलो की करीन सेव्ह.’

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी त्यांचा आवाज कसा कोण जाणे, पहिल्यासारखा मोकळा झाला. त्यांनी घाईघाईने यूपीएस काढला आणि कम्प्युटर सरळ भिंतीतल्या प्लगला जोडला.

‘अहो, त्याला विचारा तरी,’ आई म्हणाली.

‘तो दुकानदार आहे, तो लागतोच म्हणणार. घरातल्या कम्प्युटरला कशाला हवेत हे चोचले?’ बाबांनी दार लावून घेतलं.

मी दाराला पाठ टेकून जमिनीवर बसले. ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे,’ आतून आवाज आला. ‘एक अगदी छोटा प्रवासी येत आहे. त्याला खिडकीजवळची जागा द्यावी.’ गोष्टीतली बस सुटली. एका थांब्यावर आजी स्वेटर विणत उभी होती. तिची एकच बाही विणून झाली होती, म्हणून ती बस थांबवून ठेवत होती. पुढच्या थांब्यावर मामा होता, त्याच्या गळ्यात इतक्या वायरी की त्याला दारातून आत शिरता येईना. मी तोंडावर हात धरून हसले. पोटात बाळाने पाय मारला. बाबा पाण्याचा घोटही न घेता बोलत होते. मग शेवटचा थांबा आला. ‘आणि या थांब्यावर, गाडीला उशीर झाला तरी, आजोबा...’

माझ्या डोक्यावरचा पंखा थांबत गेला.

आत कम्प्युटरची घरघर बंद झाली. मग बंद पडलेल्या माइकसमोर बाबांनी वाक्य पुरं केलं. ‘आजोबा उभे आहेत.’

वीज लगेच आली. दादा दुकान टाकून धावत आला. त्याने संध्याकाळपर्यंत कम्प्युटर चाळून काढला, पण गोष्टीतला एक शब्दही सापडला नाही. बाबा पुन्हा माइकसमोर बसले. ‘प्रवाशांनी’ इतकं आलं आणि आवाज फाटला. मग नुसती हवा यायला लागली. आईने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. दादा न्हाणीघरात नळ सोडून रडत होता. ‘मी सांगत होतो’ असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याबद्दल त्याची सगळी दुकानदारी मी माफ केली. जाण्याआधी त्याने यूपीएस पुन्हा जोडला.

दुसऱ्या दिवशी बाबा दवाखान्यात बोलत गेले नाहीत, हात हलवत गेले.

मला मुलगी झाली. मी तिला ती गोष्ट सांगते, सगळे थांबे घेते, पण माझ्या तोंडून ती नुसती बस होते. माझ्या फोनमध्ये बाबांचा एक निरोप आहे, ‘येताना बल्ब आण, मागच्यासारखा भलता आणू नकोस.’ तो मला तिला ऐकवावासा वाटत नाही.

बाबा आता त्याच खोलीत असतात. हाक मारायला आईने त्यांना एक घंटी दिली होती, ती त्यांनी उशीखाली सारली. मग एका दुपारी पंखा चालू असतानाच यूपीएस शिट्ट्या मारायला लागला. आम्ही धावलो. बाबांच्या हातात यूपीएसचा भिंतीतून उपसलेला प्लग होता, आणि दुसऱ्या हाताने ते पाळण्याकडे बोट दाखवत होते. बाळ जागं झालं होतं. तेव्हापासून ते आम्हाला असंच बोलावतात.

मुलगी आता चालते, चार शब्द जोडते. शिट्टी वाजली की हातातलं खेळणं टाकून ती खोलीकडे पळत सुटते, आणि मागे वळून मला सांगते, ‘आजोबा बोलले.’