नऊ फुटांचा केसाळ्या

धाकटीचं लग्न मोडता मोडता झालं, त्याच वर्षी मी सिनेमात काम केलं. दोन्हीकडे माझी अक्कल सारखीच चालली.

मी सुतार. लहान मुलांच्या एका साहसी सिनेमासाठी होडी बांधायला गेलो होतो. दिग्दर्शक बाईंनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, नावाडी तुम्हीच व्हा. अशा सुरकुत्या रंगवून मिळत नाहीत."

घरी सांगितलं. बायकोची नजर तेव्हा झपाट्याने जात होती. डॉक्टर म्हणाले होते, फार तर वर्षभर दिसेल. ती म्हणाली, "मग लवकर उरका. भिंतीएवढं झाल्यावर तरी तुमचं तोंड बरं दिसतं का, एकदा बघून घेते."

संवाद तीन वाक्यांचा. मी अक्षरं शिकलो साठीला, त्यामुळे कागद वाचण्यातच दुपार गेली. ही वाक्यं केसाळ्याला म्हणायची होती. केसाळ्या म्हणजे नऊ फुटांचं जनावर, ते नंतर संगणकावर तयार होणार. तोवर त्याच्या जागी एक उंच काठी आणि टोकाला पिवळा चेंडू.

घरच्या तालमीत मात्र केसाळ्या झाली बायको. स्टुलावर बसून भाजी निवडता निवडता ती गुरगुरायची आणि मी समोर उभा राहून म्हणायचो, "तू जा. मुलांना मी पोचवतो. मागे वळून बघू नकोस."

"जरा गहिवरून म्हणा," ती म्हणायची. "जनावर चाललंय, भाडेकरू नाही."

चित्रीकरणात सात वेळा चुकलो. चेंडूकडे बघितलं की वाक्य विसरायचो, वाक्य आठवलं की होडीत धडपडायचो. आठव्या वेळी सगळं जमलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. टाळ्या पडल्या. त्या दिवशी घरी जाताना मी ओळखीच्या कुणाला ओळख दिली नाही.

महिन्याभराने संगणकवाल्याने बोलावलं. पडद्यावर नऊ फुटांचा केसाळ्या उभा, आणि मी डोळे भरून त्याच्या गुडघ्याशी बोलतोय! जन्मभर टेप लावून उंच्या मोजल्या आणि ऐन वेळी नजर पाच फूट खाली.

"पुन्हा करू," मी म्हणालो.

"कशात? होडी तुम्हीच तोडून नेलीत ना, काका?"

नेली होती. तिच्या फळ्यांचं घरी कपाट झालं होतं.

"मग हा तुकडा कापावा लागेल," तो म्हणाला.

म्हणजे नावाडीच गेला. बायको काय बघणार? मी लाज गुंडाळून ठेवून सगळं सांगितलं. तिचे डोळे, स्टूल, भाजी, गुरगुरणं.

तो हसला नाही. म्हणाला, "स्टूल किती उंच आहे?"

"अठरा इंच. मीच केलंय."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही पहिल्या रांगेत बसलो, तिला तेवढ्याच अंतरावरून दिसायचं. माझा प्रसंग आला. केसाळ्या पाय दुमडून खाली बसला, मान वाकवली आणि बरोबर माझ्या नजरेसमोर आला. हातात गवताची जुडी होती, ती तो काडी काडी निवडत होता. मी म्हणालो, "तू जा." मागच्या रांगेत पोरं मुसमुसायला लागली.

बायको पुढे वाकून बघत राहिली. मग माझ्या कानाशी म्हणाली, "तुम्ही होतात तसेच आहात. पण मी एवढी केसाळ आहे?"

चार महिन्यांनी तिची नजर पूर्ण गेली. धाकटीची मुलगी चालायला लागली त्या वर्षी, चौदा नोव्हेंबरला, सकाळी साडेसातला माझी बायको वारली.